वेढे

पाचच्या मोटारीला बावन्न वेढे,
आणि ते होईपर्यंत मी बोलत नाही.
भिलवडीच्या पेठेत हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.
आमणापूरचे बाबगोंडा चौगुले
टमटममधून जळकी मोटार उतरवतात,
पायरीवर टेकतात, तंबाखू मळतात,
माझे ओठ हलायचे थांबेपर्यंत
रस्त्याकडं बघत राहतात.
एकेचाळीस. बेचाळीस.
मधेच कुणी नवखा "काय शमशादबेन" म्हणाला
की तार सोडायची, पुन्हा पहिल्यापासून.

अब्बा सांगायचे,
एक वेढा कमी पडला तर गिऱ्हाइकाला कळत नाही,
मोटारीला कळतं.
आणि मोटार ते सांगते रात्री अडीचला,
लाईट आल्यावर,
उसात गुडघाभर चिखलात उभ्या माणसाला.
तो तुला काय म्हणेल
ते ऐकायला तू तिथं नसशील,
एवढंच.

दुकान दहा बाय बारा.
व्हार्निशचा वास, जो माझ्या लग्नाच्या साडीलाही होता.
जळकं तांबं गिऱ्हाइकाचं:
त्याच्यासमोर काट्यावर टाकायचं,
बिलातून वजा करायचं.
इस्लामपूरचा मावसभाऊ एकदा येऊन सांगून गेला,
आत ॲल्युमिनियम घाला, वरून तांब्याचा मुलामा,
डोळ्याला कळत नाही,
दोन वर्षांत तासगावला शाखा.
अब्बांनी त्याला चहा पाजला. दोनदा.
मग एस्टीची वेळ सांगितली.

त्या साली नदी पेठेत आली.
पाण्यानं गावाला वेढा दिला,
तो मोजायला कुणी जागेवर नव्हतं.
आठव्या दिवशी शटर उचललं
तर उधारीची वही
परातीत मळलेल्या पिठासारखी हाताला लागली.
आणि बाहेर मोटारी.
आमच्या दारापासून एस्टी स्टँडपर्यंत,
गाळानं भरलेल्या, दोरीला गावाची चिठ्ठी बांधलेल्या,
अंकलखोप, बुर्ली, माळवाडी.
सांगलीच्या तारवाल्यानं फोनवर एवढंच विचारलं,
किती किलो?
दर आम्ही तोच ठेवला.
मोठेपणा नव्हता तो,
दर वाढवून त्याच पायरीवर
उद्या कुणाच्या तोंडाकडं बघणार होतो?

माणसं आपली उधारी स्वतःच सांगायला आली.
धनगावच्या आक्काताई म्हणाल्या, अठराशे.
अब्बांच्या आठवणीत बाराशे.
अर्धा तास भांडण झालं,
पंधराशेवर तुटलं,
आणि दोघंही नाराज.
कुणी आकडा थोडा खाली आणला, आम्ही मान हलवली.
एकजण आलाच नाही.
त्याचीही मोटार मीच भरली.
अजून मला बघून तो दुसऱ्या बोळानं जातो.
नाव सांगणार नाही. त्याला त्याच बोळातून
कधीतरी परत यायचं आहे.

परवा एक जुनी मोटार आली,
बावीस वर्षं चाललेली, एकदाही न उघडलेली.
खाचेतल्या कागदावर पेन्सिलीची तारीख,
अब्बांचा आठ, खाली शेपूट काढलेला.
मी कॉइल सोडत गेले, सवयीनं मोजत गेले.
त्रेपन्न निघाले.
पुन्हा दुसरी सोडली. त्रेपन्न.
ज्या माणसानं मला बावन्नसाठी
तीनदा तार सोडायला लावली होती,
त्याच्या हातचे त्रेपन्न.
चुकले, की मुद्दाम घातला,
विचारायला आता ते नाहीत.
मोटारवाल्याला मी काही बोलले नाही.
तो विचारत होता, पुन्हा तेवढीच चालेल ना?

प्रज्योत नवीन आहे. दहावी झालाय,
बोटं चांगली आहेत, तोंड थांबत नाही.
त्यानं कागद पाहिला, तार पाहिली,
मग माझ्याकडं.
"मग आपण किती घालायचे?"

माझे ओठ हलतायत.
त्याला थांबावं लागेल.